पात्यांखालची वहिवाट

डोलकाठीचं टोक आणि फिरतं पातं आता एकमेकांना भिडणार, असं खालून पाहताना हमखास वाटतं. पातं आभाळातून उतरत उतरत थेट डोलकाठीवरच्या वाऱ्याच्या बाणाशी येऊन पोचतं आणि छातीत धस्स होतं. मग ते बाजूनं निघून वर जातं, आणि त्याच्या मागचं दुसरं यायला लागतं. पवनचक्कीचा खांब खरं तर आमच्यापासून चांगला तीनचारशे मीटर दूर असतो. डोक्याला हे ठाऊक असतं, पण डोळा ऐकत नाही. सुकाणूवर बसलेले काका अशा वेळी एवढंच म्हणतात, "वर नको बघूस गं. पाण्याकडे बघ. आपलं काम खाली आहे."

काका मूळचे सातपाटीचे. उभं आयुष्य व्यापारी जहाजांवर काढून ते इथे एसेक्समध्ये स्थिरावले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी नऊ मीटरची एक जुनी शिडाची यॉट घेतली. उन्हाळ्यात ते मला सोबत नेतात. आमची आवडती सफर रॅम्सगेटहून हार्विचची. म्हणजे टेम्स नदीचं मुख दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचं. नदीचं मुख म्हटलं की एक रुंद, मोकळा पाणपसारा डोळ्यांसमोर येतो. वरून तो दिसतोही तसाच. पण नकाशा उलगडला की कळतं, या पाण्याखाली मैलोन् मैल लांबीच्या वाळूच्या दांड्या आडव्या पसरल्या आहेत. लाँग सँड, संक सँड, केंटिश नॉक. दोन दांड्यांच्या मधल्या खोल पाण्यालाही स्वतःची नावं आहेत. त्यातलं ब्लॅक डीप हे नाव मला फार आवडतं. लंडनकडे जाणारी मोठी जहाजं या खोल पाण्यातून, दांड्यांना समांतर जातात. आम्हाला मात्र दांड्या ओलांडून पलीकडे जायचं असतं, आणि त्यासाठी वाळूतली फट शोधावी लागते. लाँग सँडमधल्या अशा एका फटीचं नाव फाउल्जर्स गॅट. तिच्या दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एकेक बोया डुलत असतो.

वाळूतल्या वाटेचा भरवसा कायमचा नसतो. हिवाळ्यातलं एखादं वादळ दांडीचं टोक पुढे सरकवतं, कुठे नवा उंचवटा उठतो, कुठे जुनी फट बुजते. ट्रिनिटी हाउस नावाची १५१४ पासून चालत आलेली संस्था इथले बोये सांभाळते आणि वाळू सरकली की बोयेही सरकवते. काका नकाशावर नेहमी पेन्सिलीनेच लिहितात. ते शाई वापरत नाहीत. त्यांच्या जुन्या नकाशांवर खोडरबरानं कागद इतका पातळ झालाय की उजेडात धरला तर समुद्रात भोकं दिसतात. ज्या पाण्यात काहीच जागेवर राहत नाही त्या पाण्यात माणसानं पावणेदोनशे खांब रोवले, ही गोष्ट मला तिथे गेल्यावर दरवेळी नव्याने थक्क करते.

त्या समूहाचं नाव लंडन ॲरे. २०१३ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. १७५ पवनचक्क्या, एकूण क्षमता ६३० मेगावॉट. केंट आणि एसेक्स या दोन्ही किनाऱ्यांपासून वीसेक किलोमीटर आत, बरोबर लाँग सँडच्या अंगावर त्या उभ्या आहेत. एकेका चक्राचा व्यास १२० मीटर. पाती संथ फिरल्यासारखी दिसतात, आणि मिनिटाला तेरा फेऱ्यांच्या वर ती जातही नाहीत. पण वर्तुळच एवढं मोठं की पूर्ण जोरात असताना पात्याचं टोक ताशी २९० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. फाउल्जर्स गॅट या समूहाच्या पोटातूनच जाते. जुनी वाट होती, तिच्या दोन्ही बाजूंना खांब आले, आणि वाट वाट म्हणूनच राहिली.

ती राहिली कशी, याचा मी अनेकदा विचार करते. बांधकाम चालू असताना अशा ठिकाणी प्रत्येक खांबाभोवती ५०० मीटरचं क्षेत्र बंद ठेवतात. काम संपलं की ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी पुन्हा खुलं होतं. शिवाय एक माप आधीपासून ठरलेलं असतं: उधाणाच्या भरतीची जी सरासरी पातळी, तिच्यापासून पात्याचं सर्वांत खालचं टोक निदान २२ मीटर वर असलं पाहिजे. आमच्या बोटीची डोलकाठी पाण्यापासून जेमतेम तेरा मीटर. रविवारी हौसेनं समुद्रावर येणाऱ्या बहुतेक यॉटच्या डोलकाठ्या या बावीस मीटरांत बसतात. विजेच्या हिशोबात या आकड्याला जागा असण्याचं काही कारण नाही. कुणीतरी डोलकाठ्या मोजल्या, भरतीची पाणपातळी पाहिली, वर थोडी मोकळी जागा सोडली, आणि एवढ्या अजस्र यंत्राला सांगितलं की तुझं पातं याच्या खाली येता कामा नये. पुढे यंत्रं वाढत गेली, दुप्पट मोठी झाली, तरी खालची ही सोडलेली जागा कायम राहिली. त्या मापाखालून जाताना मला सुरक्षित वाटतं हे खरंच, पण त्याहून जास्त, आपल्याला कुणीतरी धरलंय, जमेत घेतलंय, असं वाटतं.

माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात. आजोबांच्या उसातून वरच्या वाडीची वहिवाट जायची. ऊस लावताना आजोबा तेवढ्या सऱ्या मोकळ्या सोडायचे; बैलगाडी जाईल एवढी रुंदी, काठीनं मोजून. जमीन त्यांची, सातबाऱ्यावर नाव त्यांचं, पण त्या पट्ट्यावर हक्क वाडीचा. कुणी कुणाची वाट अडवली तर मामलेदाराकडे जाता येतं, त्यासाठी १९०६ चा कायदा आहे. पण आजोबांच्या मनात कायदा नसावा. दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती उभ्या राहिल्या की त्या वाटेनं माणसं बोलत जायची; दिसायची नाहीत, नुसते आवाज यायचे. आजोबा पडवीत बसून आवाजांवरून माणसं ओळखायचे. फाउल्जर्स गॅटमध्ये शिरलो की मला ती सोडलेली सरी आठवते. आपलं पीक उभं करायचं, आणि ज्याची पायवाट आधीपासून आहे त्याला तुडवायला जागा ठेवायची.

त्याच खोऱ्याच्या वर, वनकुसवड्याच्या पठारावर, मी पहिल्यांदा पवनचक्क्या पाहिल्या. तिथेही खांबांच्या मधून म्हशी चरत होत्या आणि एक गुराखी खांबाच्या सावलीत बसला होता. सावली सरकली की तो सरकायचा. पठारावरचा वारा कानात शिरून डोकं बधिर करतो, समुद्रावरचा तसा करत नाही. इथे तो अंगभर लागतो, ओला असतो, आणि त्याच्याकडे आपलं काम असतं.

आम्ही भरतीच्या अखेरीला लाँग सँडपाशी पोचतो, म्हणजे वाळूवर भरपूर पाणी मिळतं आणि पुढे ब्लॅक डीपमध्ये ओहोटी आपल्याला ईशान्येकडे ढकलत नेते. वारा नैर्ऋत्येचा असेल तर फारच छान. सगळ्या पवनचक्क्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात. त्यामुळे डाव्या हाताच्या सगळ्या पाठमोऱ्या आणि उजव्या हाताच्या आपल्याकडे बघणाऱ्या. वाऱ्याचा रोख ओळखायला शिडाकडे बघायची गरजच उरत नाही. वारा फिरला तर एकेक मान हळूहळू वळते, पण सगळ्या एकाच वेळी नव्हे. कडेच्या आधी वळतात, आतल्या मागाहून. वारा पाण्यावरून चालत कसा येतो, हे मला त्या माना वळताना पाहून कळलं.

शीड आणि पातं यांचं बळ एकाच जातीचं. दोन्हींच्या बाकावरून वारा वाहताना एका बाजूला दाब कमी होतो आणि कापड किंवा पातं तिकडे ओढलं जातं. आमच्याकडे ती ओढ सगळी बोट पुढे नेते. त्यांच्याकडे ती एका आसाला फिरवते, आणि तिची वीज होऊन समुद्रतळावरच्या केबलमधून केंटमधल्या क्लीव्ह हिलच्या उपकेंद्रात जाते. एकाच झुळकेतून थोडं आम्ही घेतलं, थोडं कुणाच्या तरी स्वयंपाकघरानं. पवनचक्कीच्या पाठीमागे वारा थकलेला आणि घुसळलेला असतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह इथलं २००८ च्या फेब्रुवारीतलं एक छायाचित्र आहे. हवेत नेमका हवा तेवढा ओलावा होता, आणि प्रत्येक चक्रामागे धुक्याचा लांब शेपटा उमटला होता, एकामागच्या रांगेतल्यांचे शेपटे एकमेकांत मिसळलेले. एरवी न दिसणारी ती घुसळण त्या दिवशी उघडी पडली. खाली आमच्या उंचीवर तिची फारशी झळ लागत नाही, पण मधेच शीड क्षणभर सैल पडतं, त्याची कड फडफडते, आणि परत भरतं. काका त्या वेळी दोर ओढत नाहीत. "येईल परत," म्हणतात.

खांब जवळून पाहिला की त्याची भव्यता मागे पडते आणि वेगळंच काही नजरेत भरतं. पाण्याच्या वरचा पंधरा मीटरचा भाग पिवळाधमक रंगवलेला, म्हणजे दर्यावर्दींना लांबून दिसावा. त्यावर काळ्या रंगात अक्षर आणि आकडा, त्या खांबाचा पत्ता. एका अंगाला उभी लोखंडी शिडी. शिडीच्या खालच्या पायऱ्या हिरव्या, त्याखालच्या काळ्या, आणि लाट खाली गेली की त्या काळ्या भागात शिंपल्यांचे घट्ट झुबके दिसतात, पाणी गाळत बसलेले. मधल्या कठड्यावर पाणकावळा पंख पसरून वाळत असतो. ओहोटी सुरू झाली की खांबाच्या एका बाजूला पाणी फुगतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचा लांब, गढूळ माग निघतो. खांब जागचा हलत नाही, पण त्याच्याकडे टक लावून पाहिलं तर तोच पाणी कापत निघालाय असा भास होतो. हे माग उपग्रहातूनही दिसतात. लँडसॅटच्या चित्रांत १७५ खांबांमागे १७५ तपकिरी रेघा, काही कित्येक किलोमीटर लांब, आणि भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलणाऱ्या. वाळू इथेही हलायची थांबलेली नाही. तिला फक्त वळसा घ्यावा लागतो.

एकदा आमच्या अगदी शेजारी कामगारांची कॅटमरान आली. तिनं आपली नाळ शिडीच्या बाजूच्या नळ्यांना टेकवली आणि इंजिन जोरात चालू ठेवून ती तशीच रेटून राहिली, म्हणजे लाटेनं बोट वरखाली होऊ नये. मग नारिंगी कपड्यातला एक माणूस नाळेवर आला, थांबला, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसऱ्या लाटेच्या माथ्यावर शिडी धरली. चढताना त्यानं आमच्याकडे बघून हात केला. काकांनीही केला. जहाजाच्या इंजिनखोलीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसानं दुसऱ्या कामकऱ्याला करावा तसा होता तो हात. वर आभाळात कुठेतरी, एका डब्याएवढ्या खोलीत, तेलकट हातांचं तेच काम असणार.

सगळीकडे अशी आत जायला मोकळीक नाही. बेल्जियमनं आपल्या समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पट्टा बाहेरच्या बोटींना बंद ठेवला. जर्मनीत भोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र, म्हणजे यॉटनं बहुतेक वेळा वळसाच घालायचा. हॉलंडनं आधी बंदी ठेवली होती, मग १ मे २०१८ पासून काही समूहांतून २४ मीटरपर्यंतच्या बोटींना दिवसाउजेडी जाऊ दिलं. डेन्मार्कमध्ये मात्र कोपनहेगनच्या दारातच, मिडलग्रुंडनला, २००० सालापासून वीस पवनचक्क्या एका बाकदार रांगेत उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या, हजारो सामान्य भागधारकांच्या. संध्याकाळी त्यांच्या जवळून शिडं जाताना दिसतात. बंदी घालणाऱ्यांना मी दोष देत नाही. धुक्यात, बंद पडलेल्या इंजिनाची बोट वाहत येऊन खांबावर आपटली तर काय, हा प्रश्न खराच आहे. रडारवर एवढ्या लोखंडाचे खोटे प्रतिध्वनी उमटतात, त्यांच्या गर्दीत छोटी बोट हरवते. तरीही समुद्राच्या अंगावर एकामागून एक मोठे चौकोन आखून, त्यातल्या प्रत्येकावर 'आत येऊ नये' लिहीत गेलो तर मागे राहील तो समुद्र नव्हे, असं मला मनापासून वाटतं. समुद्राला आजवर सातबारा नव्हता.

हे सगळं मी काकांना सांगत होते, बावीस मीटर, आजोबांची सरी, सगळं. आम्ही गॅटच्या मध्यावर होतो. खोली दाखवणारा आकडा हळूहळू कमी होत होता आणि ते त्याच्यावर नजर ठेवून होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी वाट सोडली ती जाणाऱ्याला. आपण जाणारे. आपलं बरं आहे. पण ज्याला तिथंच जाळं टाकायचंय त्यानं काय करायचं?"

मग ते सातपाटीबद्दल बोलायला लागले. तिथल्या बोटी पापलेटच्या मागे जातात. दालदा जाळं रात्री पाण्यात सोडायचं, आणि मग जाळं आणि बोट दोघांनीही प्रवाहाबरोबर वाहत राहायचं. जिथं नेईल तिथं. दक्षिणेकडचे डोलवाले, म्हणजे डोल जाळ्यांचे कोळी, समुद्राच्या तळाशी 'कवी' मारतात, म्हणजे लाकडं रोवतात, आणि त्यांना आपली जाळी बांधतात. काका पोरसवदा होते तेव्हापासून त्यांनी कवींवरून झालेली भांडणं ऐकली आहेत. वाहतं जाळं कवीत अडकलं की फाटलं, आणि फाटलं की त्या घराचा हंगाम गेला. "कव म्हणजे एक लाकूड," काका म्हणाले. "त्याच्यावरून गावंच्या गावं एकमेकांशी बोलायची बंद झाली. आणि हे बघ." त्यांनी हनुवटीनं भोवतालचे खांब दाखवले.

मला एकदम गप्प व्हायला झालं. या पाण्यातही जाळी ओढणारे आहेत, व्हिटस्टेबलचे, ली-ऑन-सीचे. मी त्यांच्या बोटी कडेनं जाताना पाहिल्या होत्या, आणि त्या कडेनंच का जातात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथे कायद्यानं त्यांना मज्जाव नसेलही. पण तळाशी खांबाखांबांना जोडणारी केबल आहे, आणि जाळं तळावरून ओढणाऱ्याला ती केबल पुरेशी आहे. बावीस मीटर डोलकाठीसाठी सोडले. खालच्या दिशेनं असं माप कुणी काढलं? पक्ष्यांसाठी कुणीतरी थांबलं होतं, हे मला माहीत होतं. लंडन ॲरेचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून दिला, त्याचं एक मोठं कारण हिवाळ्यात इथे उतरणारे लाल गळ्याचे डायव्हर पक्षी. त्यांच्यावर काय परिणाम होईल हे तपासायला वर्षं लागली असती. पक्ष्यांची वहिवाटही मोजली गेली, याचा मला आनंदच आहे.

आणि खंबातचं आखात सातपाटीपासून फार लांब नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या पहिल्या समुद्री पवनचक्क्यांसाठी अर्थसाहाय्य मंजूर केलं, गुजरातच्या समुद्रात ५०० मेगावॉट आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५००. त्या उभ्या राहाव्यात असं मला वाटतं. वाळूच्या या दांड्यांवर पाती फिरताना पाहिली की कोळशाच्या धुराचा एखादा दिवस तरी कमी झाला, याचं समाधान होतं, आणि ते खोटं नाही. म्हणून तर तिथं खालचं माप आधी काढलं जावं, अशी कळकळ वाटते. रात्री वाहत निघालेलं जाळं किती लांबीचं असतं, ओहोटीत ते किती मैल जातं, कुठल्या महिन्यात कुठे असतं, हे सांगणारी माणसं जेटीवरच बसलेली आहेत.

"तुम्हाला कुणी विचारलं तर काय सांगाल, काका?" मी म्हटलं.

ते हसले. मग खरंच विचार करायला लागले. पलीकडचा लाल-पांढरा बोया जवळ आला होता, पाणी पुन्हा खोल होत होतं. त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर नकाशा ओढला, आणि त्याच्या कोऱ्या समासात पेन्सिलीनं एक किनारा काढायला सुरुवात केली. सातपाटी, डहाणू, दमण, मग आखाताचं तोंड, पलीकडे सौराष्ट्र. "श्रावण सरला की पहिल्यांदा इथं," त्यांनी एक रेघ ओढली. "थंडीत इकडं. हा प्रवाह असा येतो, उधाणाला असा, भांगाला निराळा. म्हणजे इथं खांब नको. इथं चालेल, इथं नुसता चिखल आहे. ह्या इथं..." पेन्सिल थांबली. "हे मला नीट आठवत नाही. भावाला विचारावं लागेल. तो अजून जातो."

ब्लॅक डीपमध्ये लंडनकडे निघालेलं एक कंटेनर जहाज दिसायला लागलं होतं. त्याच्या पुढून जायचं की मागून, ते आत्ताच ठरवायला हवं होतं. मी काकांना विचारलं. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, "मागून," म्हणाले, आणि पुन्हा समासावर वाकले.